पायलीवरची शीग

ओटीवरच्या चटईवर त्या सकाळी एवढ्या वस्तू होत्या: बारा पानांचं, कव्हर नसलेलं चित्रांचं पुस्तक एक, नारळाच्या करवंट्या चार, त्यांतली एक तडकलेली, पळसाची पानं नऊ, ओढ्यातून वेचलेले गोल खडे तीस, स्टीलची फूटपट्टी एक, स्वयंपाकघरातून न विचारता आणलेला लिटरचा मग एक, आणि आबांची धान्य मोजायची जुनी लोखंडी पायली एक. मुलं दोन. त्यांपैकी चटईवर हजर एक.

दुसरं मूल, म्हणजे चार वर्षांचा प्रज्ञेश, गोठ्यात वासराला बेडूकउडी शिकवत होतं.

अपेक्षाने सगळ्यावरून पुन्हा एकदा नजर फिरवली. प्रयोगाआधी साहित्य मोजून घ्यायचं, ही बी.एस्सी.च्या तीन वर्षांत लागलेली सवय. फिजिक्सची डिग्री हातात आली होती, एम.एस्सी. पुढच्या वर्षी करायची होती, आणि मधल्या रिकाम्या वर्षात बेडसे गावातल्या घराची ओटी हीच तिची प्रयोगशाळा झाली होती.

"आत्या," सहा वर्षांची ओवी हळूच म्हणाली, "खडे एकोणतीस आहेत."

अपेक्षाने मोजले. एकोणतीसच भरले.

"मघाशी तीस होते की गं!"

ओवीने गोठ्याकडे बोट दाखवलं. "त्याने एक वासराला दिला. बक्षीस."

ओवी हे बोलली ते कुजबुजत, शेजारच्यालाही जेमतेम ऐकू येईल असं. अडचण नेमकी तिथेच होती.

जूनमध्ये तिला तळेगावच्या एका इंग्रजी शाळेत पहिलीत घातलं होतं. पिवळी गाडी सकाळी फाट्यावर यायची आणि कामशेत येईपर्यंत ओवीला वळणांवर उलटी व्हायची. वर्गात पोचेस्तोवर पोरीचा चेहरा उतरलेला असायचा. एकदा बाईंनी तिला उभं करून कविता म्हणायला लावली, तोंडातून शब्द फुटेना, मुलं हसली. त्या दिवसापासून तिचा आवाज शाळेत निघेना. मग गाडीत निघेना. गणपतीत पाहुणे आले तेव्हा तर ती आरतीलाही नुसते ओठ हलवत होती.

"घरी ठेवू या तिला," अपेक्षाचीच सूचना. "मी शिकवते. पुढच्या जूनपर्यंत. मग बघू."

मुलांची आई, म्हणजे अपेक्षाची वहिनी कोमल, तळेगावच्या कारखान्यात शिफ्टला जायची, भाऊ आदिनाथ टेम्पो घेऊन दिवसभर बाहेर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग तिघांनी मिळून आबांकडे पाहिलं.

आबा, म्हणजे अपेक्षाचे वडील हौशीराम, सुपारी कातरत होते. "घरातली शाळा," ते म्हणाले, "म्हंजी सुट्टीच की. म्या बी दुसरीनंतर घरातच शिकलो. काय शिकलो? म्हशी."

पण त्यांनी नाहीही म्हटलं नाही. आणि शाळा सुरू झाली.

पुस्तक अपेक्षाला तळेगाव स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात सापडलं होतं. कव्हर फाटलेलं, त्यामुळे त्याचं नाव काय आणि ते कुणी काढलं, हे कळायला मार्ग नव्हता. आत अक्षरं जवळजवळ नव्हतीच, नुसती चित्रं. एका बेडकाला आपलं तळं केवढं आहे हे जाणून घ्यायचं असतं आणि तो पानापानावर ते वेगवेगळ्या तऱ्हांनी मोजत सुटतो. मुलांनी त्याचं नाव ठेवलं ‘मापवाला बेडूक’. अपेक्षाने ठरवलं, पाठ्यपुस्तक हेच. एक पान, एक उद्योग. पान संपेपर्यंत दुसरं उलटायचं नाही.

पहिल्या पानावर मोठा बेडूक आणि पिल्लू काठाने उड्या मारत जातात आणि दोघांचा आकडा वेगळा येतो म्हणून भांडतात. म्हणून मग तुळशीपासून फाटकापर्यंत सगळ्यांनी उड्या मारल्या. आजीला, म्हणजे अपेक्षाच्या आईलाही ओढलं. धोंडाबाईंनी पदर खोचून एकच उडी मारली आणि जागेवर बसकण मारून म्हणाल्या, "माजं माप घेऊ नगा. माज्या गुडघ्यांचं घ्या."

पाचव्या पानावर बेडूक ओरडत होता आणि त्याच्या तोंडातून गोल गोल रेघा निघून पार पलीकडच्या काठावरच्या बेडकापर्यंत गेल्या होत्या. हे पान अपेक्षाने मुद्दाम लांबवलं. ओवीने गोठ्यापाशी उभं राहून हाक मारायची, अपेक्षाने बांधावरून लांब लांब चालत जायचं, आणि हाक ऐकू येईनाशी झाली की तिथे काठी रोवायची. पहिल्या आठवड्यात काठी शेणाच्या उकिरड्याशी रोवली गेली. दसऱ्याच्या सुमाराला ती विहिरीपर्यंत सरकली. पण विहिरीपलीकडे लेण्यांकडे जाणारी वाट होती. रविवारी तिथून पुण्याची माणसं कॅमेरे लटकवून जायची, एरवी गावातली. वाटेवर कुणी दिसलं रे दिसलं की ओवीचा आवाज जागच्या जागी बंद. काठी मग विहिरीपाशीच राहिली.

आठव्या पानावर बेडूक पानाचा द्रोण करून तळ्यातलं पाणी मोजत होता. नवव्या पानावर तोच द्रोण, पण वाळूने भरलेला. त्या सकाळी साहित्य मांडलं होतं ते आठव्या पानासाठी. मुलांनी आधी करवंट्यांनी पाणी मोजलं, मग पळसाच्या द्रोणांनी, मग मगने. पायली काठोकाठ भरायला चार लिटरला थोडं वरच पाणी लागलं. प्रज्ञेश वासराला आणि स्वतःला पूर्ण भिजवून मोकळा झाला.

"आता वाळूचं पान," ओवी म्हणाली.

"ते सारखंच आहे गं," अपेक्षा चटई पिळत म्हणाली. "पाण्याच्या ऐवजी वाळू, एवढंच. पुढचं घेऊ."

ओवीने नववं पान जरा वेळ धरून ठेवलं. मग सोडून दिलं.

त्याच रात्री जेवताना आबांनी विषय काढला. भात कापून झालं होतं, झोडणी चालू होती, शनिवारी रास मोजायची होती. आणि शाळेच्या गाडीवाल्याचा फोन आला होता: ओवीची सीट अजून ठेवलीय, पण सोमवारपर्यंतच. मग ती दुसऱ्या पोराला देणार.

"लय दिवस झाले उड्या मारून," आबा म्हणाले. "आता परीक्षा घिऊ. शनवारी खळ्यावर मोजणी ओवीनं ठिवायची."

कोमलचा घास हातातच राहिला. रास मोजताना मोजणी ठेवणं हे पोरखेळाचं काम नव्हतं. आबा पायली भरून पोत्यात ओतत, आणि प्रत्येक पायलीला मोजणीवाल्याने आकडा मोठ्याने म्हणायचा व खडा बाजूला टाकायचा. आबा स्वतः मोजताना तोंड उघडत नसत. गेल्या वर्षी मोजणी आदिनाथकडे होती, मधे त्याला गिऱ्हाइकाचा फोन आला, आणि भरलेलं पोतं पुन्हा ओतून मोजावं लागलं होतं. ती गोष्ट अजून गावात हसून सांगितली जायची.

"मोठ्यानं म्हनायचं," आबा पुढे म्हणाले. "चार मानसं असत्यात तितं. बरोबर आली तर जूनपातूर ऱ्हाऊ दे घरी, म्या एका शब्दानं बोलायचो न्हाई. चुकली, न्हाईतर गप बसली, तर सोमवारी गाडीत."

ओवीने मान खाली घातली आणि ताटातली भाताची शितं मोजायला लागली.

त्यानंतरचे दिवस अपेक्षाने तालमीत घालवले. पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, हे आजीने शिकवलं. ओवीने विचारलं, मग खडा टाकायचा का? टाकायचा. पुढे दोन. बरं. एवढं विचारून ती पक्की झाली. खडे आता पुन्हा तीस होते, वासराचं बक्षीस परत घेतलेलं.

पण अपेक्षाला स्वस्थ बसवेना. ओवीला एखादा तरी खुंटा हवा, जिथे पोचल्यावर कळेल की आपण बरोबर आहोत. एका पोत्यात किती पायली मावतात? आबांना विचारणं म्हणजे परीक्षकाकडेच पेपर मागणं, आणि आदिनाथला गेल्या वर्षीचा पायल्यांचा आकडा आठवेना. तिने स्वतःच काढायचं ठरवलं. गेल्या वर्षीचं पोतं गिरणीच्या काट्यावर चोपन्न किलो भरलं होतं, हे मात्र त्याला पाठ होतं. कणगीत जुनं भात शिल्लक होतं. तिने पायली भरली, लॅबमध्ये करतात तशी वरून फूटपट्टी फिरवून काठाशी सपाट केली, आणि कोमलच्या प्रवासी बॅगा तोलायच्या काट्याला अडकवली. पायलीचं वजन वजा करून आलं दोन किलो तीनशे साठ ग्रॅम. भागाकार केला. तेवीस.

"तेविसाला पोतं भरेल," तिने ओवीला सांगितलं. "तेवीस आले की समजायचं, आपलं बरोबर."

शनिवारी सकाळी खळ्यावर नवशा आणि गंगी आधीच आलेले होते. वरच्या ठाकरवाडीतलं हे जोडपं आणि आबांचं घर यांची सावड जुनी. यांच्या झोडणीला ते, त्यांच्या झोडणीला हे. गंगी सुपाने शेवटचं भात वारवत होती. ताडपत्रीवर पिवळीधमक रास उभी होती. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या. आबांनी नारळ फोडला, राशीला हात जोडले आणि पूर्वेला तोंड करून बसले. नवशाने पोत्याचं तोंड उघडून धरलं. ओवी खड्यांची टोपली मांडीवर घेऊन पोत्याशेजारी. टोपलीत खड्यांखाली पुस्तकही होतं; तिने ते का आणलं, कुणी विचारलं नाही. अपेक्षा तिच्या मागे.

आबांनी पायली राशीत खुपसली, दोन्ही हातांनी वर भात लोटलं, उचलली आणि पोत्यात ओतली. थांबले. सगळे थांबले.

ओवी गप्प.

"एक!" पेंढ्याच्या ढिगावरून प्रज्ञेश ओरडला.

"लाभ म्हन रं, लाभ," गंगी हसली. "राशीला एक म्हनत न्हाईत. आन तुला कुनी इचारलं?"

आबा रिकामी पायली धरून बसले होते. नवशाने खाली पाहिलं आणि अगदी सहज पोत्याचं तोंड ओवीच्या दिशेने कलतं केलं. "हितं सांग," तो म्हणाला. "पोत्यात. पोतं कुनाला सांगत न्हाई."

ओवीने पोत्यात तोंड घातलं. आतून, भाताच्या वासातून, आवाज आला: "लाभ." आणि एक खडा टोपलीबाहेर पडला.

"भाऊ, आला का आवाज?" नवशाने आबांना विचारलं.

आबांनी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही, पण हात पुन्हा राशीकडे गेला.

दोन. तीन. चार. ओवी प्रत्येक वेळी पोत्यात वाकून सांगायची आणि खडा मांडायची, पाचापाचांच्या ओळीत. जसजसं पोतं भरत गेलं तसतसं तिचं तोंड वर येत गेलं, कारण आत जागाच राहीना. बारापर्यंत आवाज गंगीला ऐकू यायला लागला. चौदाव्याला प्रज्ञेश ढिगावरून घसरून पेंढ्यात गडप झाला, गंगीने त्याला पाय धरून ओढून काढला, सगळे हसले. ओवी हसली नाही. पंधरा. सोळा. तिचे डोळे पायलीवर होते.

ओवीने विसावा खडा मांडला आणि आबांनी हात झटकले. "झालं. बांध."

नवशाने पोत्याचं तोंड आवळलं.

अपेक्षा दचकली. वीस? तिने ओळी मोजल्या. पाच, पाच, पाच, पाच. तीन कमी! पोरीने कुठे गाळले? चौदाला, तो गोंधळ झाला तेव्हा? आता आबा विचारतील, ओवी वीस म्हणेल, आणि सोमवारी गाडी. विचार करायला वेळच नव्हता. अपेक्षा वाकली, टोपलीतून तीन खडे उचलून तिने ओवीच्या मुठीत सरकवले. "तेवीस असतील गं," ती कानात म्हणाली. "तीन राहिलेत. ठेव."

"हां," आबा म्हणाले. "किती झाल्या?"

ओवीने मूठ उघडली. तीन खड्यांकडे पाहिलं. मांडलेल्या ओळींकडे पाहिलं. मग मागे वळून आत्याकडे पाहिलं, आणि अपेक्षाला त्या नजरेत भीती दिसेल असं वाटलं होतं. दिसला तो चक्क राग.

"वीस!" ओवी ओरडली. तिने तिन्ही खडे टोपलीत आपटले. "आत्या, वीसच! मी मोजल्यात! एकपण गाळली नाही!"

वाटेवरून धोंडाबाई चहाची किटली घेऊन येत होत्या. अजून विहिरीच्याही पलीकडे, घराच्या बाजूला होत्या. "आगं, कोन भांडतंय?" त्या तिथूनच ओरडल्या.

मग नवशा म्हणाला, "वीस. म्या बी मनात ठिवलेलं."

"इसाचंच पोतं बांदतो म्या," आबा म्हणाले. "माजा बाप बी इसाचंच बांदायचा." त्यांनी अपेक्षाकडे पाहिलं, मग टोपलीतल्या तीन खड्यांकडे. सगळं दिसलं होतं त्यांना. "आपू, पोरगी पास. मास्तरीन नापास."

गंगीने सुपाआड तोंड लपवलं, पण खांदे हलत होते.

अपेक्षाचे कान तापले होते, तरी तिचं डोकं एकाच ठिकाणी अडकलं होतं. "पण आबा, तेवीसच यायला हवेत. मी तोलून पाहिलं. पायली भरून, पट्टी फिरवून..."

"पट्टी?" गंगीने विचारलं. "भातावरनं?"

"काठाशी सपाट करायला."

आता नवशाही हसायला लागला. ओवी मात्र हसली नाही. तिने टोपलीतले खडे बाजूला सारून पुस्तक काढलं आणि पानं उलटत गेली. आठवं. मग नववं. ते तिने अपेक्षाच्या नाकासमोर धरलं.

"हे पान राहिलं होतं," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं."

आठव्या पानावर द्रोणातलं पाणी काठाशी सपाट होतं. नवव्या पानावर तोच द्रोण वाळूने भरलेला, आणि काठाच्या वर वाळूचा छोटा डोंगर. चित्रकाराने त्या डोंगराला स्वतंत्र सावलीही दिली होती. अपेक्षाने हे पान किमान दहा वेळा पाहिलं होतं.

"पाण्याला डोंगर होत नाही," ओवी म्हणाली. "आबा डोंगर करतात."

"शीग," आबा म्हणाले. "डोंगर न्हाई. शीग म्हनत्यात तिला. शीग लावल्याबिगर पायली पुरी न्हाई." त्यांनी पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "ह्यो बेडूक शेतकरी दिसतोय."

लहानपणापासून अपेक्षाने ही शीग पाहिली होती, दर वर्षी, याच खळ्यावर. तिच्या लेखी ती शोभेची होती, देवासमोर तांदळाची रास करतात तशी. तिचं वजन असेल, ते वीस वेळा साठून तीन पायल्या खाऊन टाकेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता ती खाली ताडपत्रीच्या कडेला बसली.

"आबा, एका शिगेत किती बसतं?"

आबांनी पायली उचलून उलटसुलट केली. नवशाकडे पाहिलं. नवशाने गंगीकडे. धोंडाबाई किटली टेकवत म्हणाल्या, "माज्याकडं नगा बघू. म्या उडी मारली तेवढं बास."

"कुनी मोजलंच न्हाई," आबा म्हणाले. "शीग ती शीग." मग त्यांनी खिशातून फोन काढला, डोळे बारीक करून नंबर शोधला. "हां, गाडीवाले का? हौशीराम बोलतोय, बेडश्यास्नं. त्ये शीट द्या दुसऱ्या पोराला. जूनपातूर आमची हितंच हाय." फोन ठेवून ते ओवीला म्हणाले, "बाकीची पोती तूच मोजायची. पोत्यात तोंड न घालता. आन आदी ह्ये बघू, शिगेत किती ऱ्हातंय. मला बी कळू दे."

प्रज्ञेशला काटा आणायला घरी पिटाळलं. तो काटा, फूटपट्टी आणि मागोमाग वासरू घेऊन आला. आबांनी राशीत पायली खुपसली, दोन्ही हातांनी भात लोटलं, आणि शेवटचे चार दाणे टोकावर ठेवल्यासारखे ठेवले. गंगीने खाली सूप धरलं. ओवीने फूटपट्टी दोन्ही हातांत घट्ट धरून पायलीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ फिरवली. डोंगर सुपात उतरला. सुपातलं भात पिशवीत भरून अपेक्षाने पिशवी काट्याला अडकवली आणि सगळे त्या लहानशा पडद्यावर वाकले. अपेक्षाचा हिशेब मनात तयार होता: वीस पायल्यांत चोपन्न किलो भरायचे, तर एका शिगेत तीनशे चाळीस ग्रॅम हवेत.

"वाच," आबा म्हणाले.

ओवीने आकडा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि खळ्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"तीनशे चाळीस ग्रॅम."